संगणकाची सोयरीक

आमचा वर्ग संगणकाचा इतिहास शिकला तो इतिहासाच्या सरांकडून, आणि ते सर म्हणजे माझे वडील, नाना. परभणीत त्या काळी संगणक हा शब्द कधीमधी पेपरात दिसायचा. लोक तो वाचून न वाचल्यासारखं करायचे आणि खालच्या बाजारभावाकडं वळायचे. नाना मात्र शब्द ओलांडून जाणाऱ्यांतले नव्हते. आवाज खणखणीत. वर्गात लढाई सुरू झाली की शेजारच्या वर्गातला गणिताचा तास आपोआप थांबायचा आणि किल्ला पडेपर्यंत ती मुलं इकडंच कान लावून बसायची. जगातल्या प्रत्येक गोष्टीला 'कारणे' आणि 'परिणाम' असतात यावर त्यांची श्रद्धा होती आणि ती ते घरीही पाळत. आमटी खारट झाली तर घास हातात धरून म्हणत, "तात्कालिक कारण, मीठ दोनदा पडलं. मूळ कारण, मीठ टाकताना तुझी दारातून चाललेली चर्चा." आई भाकरी थापता थापता म्हणे, "आन परिणाम असा, की उद्यापासून आमटी तुमी करायची."

आमचं घर स्टेशनच्या अंगाला, दोन खोल्यांचं, पुढं फरशीचा ओटा. जंक्शन असल्यामुळं शंटिंग सारखं चालायचं. डबे एकमेकांना धडकत जायचे, तो लांबत जाणारा आवाज ऐकू आला नाही तर आम्हालाच चुकल्यासारखं वाटे. सकाळी स्टोचा फरफराट, मग भाकऱ्यांचा थपथपाट, आणि या सगळ्यावर आत्याचा आवाज. आत्या म्हणजे नानांची थोरली बहीण. तरुणपणीच तिचा नवरा गेला आणि ती आमच्याकडं आली. आली तेव्हा घरातलं निम्मं काम उचलीन म्हणाली होती, पण बोलता बोलता सबंध कारभारच उचलून बसली. तिच्या येसराच्या आमटीचा वास गल्लीच्या तोंडाशीच माणसाला गाठायचा. शाळेत भरलेला वर्ग एका शब्दात गप्प करणारे नाना घरी आले की आत्यापुढं स्वतः गप्प व्हायचे.

मी नववीत गेले त्या वर्षी आमच्या शाळेची एक तुकडी बंद पडली. रुळांच्या पलीकडं नवी शाळा निघाली आणि बरीच मुलं तिकडं गेली. मुलं गेली तसे नानांचे तास गेले. एका संध्याकाळी नाना घरी आले आणि चप्पल न काढताच ओट्यावर टेकले. "मला अतिरिक्त ठरवायलेत," ते म्हणाले. शिक्षकाच्या घरात ह्या शब्दाचा अर्थ लहान पोरालाही ठाऊक असतो. ज्याला पुरेसे तास नाहीत तो अतिरिक्त, आणि अतिरिक्ताला जिथं जागा रिकामी असेल तिथं जावं लागतं. जागा रिकामी होती चारठाण्याला. म्हणजे एसटीनं जिंतूर, तिथून पुढं दुसरी एसटी. रोज जाऊन येणं होणार नाही, खोली करून राहणं आलं, दोन चुली आल्या. आईनं हाताचं पीठ झटकलं.

आत्या आत दळण निवडत होती. तिनं अर्धवट ऐकलं. त्या दिवसांत रेडिओच्या बातम्यांत रोज अतिरेकी असायचे, अतिरिक्त कधीच नसायचा. तिनं सूप खाली ठेवलं, तडक शेजारी गेली आणि रडत सांगितलं, "आमच्या दिगंबराला अतिरेकी ठरवायलेत वो सरकारनं! घरात साधं झुरळ मारत न्हाई तो!" बघता बघता आमच्या ओट्यावर गल्ली जमली. एका शेजाऱ्यानं नानांना बाजूला घेऊन, "काही कागद-बिगद आसंल तर आमच्या कडब्याखाली ठेवा," असंही हळूच सुचवलं. एकेकाला समजावता समजावता नानांना घाम फुटला. सगळे गेल्यावर आत्याला खरा अर्थ सांगितला, तेव्हा ती म्हणाली, "मग बरं हाय म्हना की," आणि थोड्या वेळानं, "न्हाई, तसं ते बी काय बरं न्हाई."

या संकटातून सोडवायला आला तो संगणक. कुठल्याशा सरकारी योजनेतून आमच्या शाळेला एक संगणक मिळाला. सोबत एक इंग्रजी पुस्तिका, आणि विषयासाठी आठवड्याचे काही तास. पण शिकवायचं कुणी? गणिताच्या सरांना शिकवण्यांमधून उसंत नव्हती. विज्ञानाचे सर म्हणाले, उद्या यंत्र बिघडलं तर माझ्या पगारातून कापाल. आमचे मुख्याध्यापक, ज्यांना आम्ही मोठे सर म्हणायचो, निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले. परीक्षेला ते अजून इम्तिहान म्हणत, आणि कुठलंही पुस्तक त्यांना पहिल्या पानावरून कळत असे. त्यांनी पुस्तिका उघडली आणि नानांना बोलावून घेतलं. पुढचं सगळं नानांनीच आम्हाला जेवताना करून दाखवलं.

"दिगंबरराव, पहिल्या प्रकरणाचं नाव वाचा."

"हिस्टरी ऑफ कॉम्प्युटर्स."

"हिस्टरी म्हणजे?"

"इतिहास."

"मग मामला खलास. तुमचाच विषय निघाला. तास पण भरले तुमचे."

"पण सर, दुसरं प्रकरण..."

"अहो, दुसऱ्या प्रकरणापर्यंत जायची घाईच काय आहे?"

चारठाणं टळलं. आत्यानं शिरा केला. नाना मात्र शिरा चिवडत बसले, कारण पुस्तिकेतलं इंग्रजी त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. मग ते रोज संध्याकाळी ओट्यावर शब्दकोश घेऊन बसू लागले. एक दिवस त्यांना 'जनरेशन' हा शब्द भेटला. शब्दकोशात पाहिलं तर 'पिढी'. नाना उठून उभेच राहिले. संगणकाच्या पिढ्या असतात! पिढ्या आल्या म्हणजे वंशावळ आली, वंशावळ आली म्हणजे घराणं आलं, आणि घराण्यांच्या बाबतीत नानांचा हात धरणारा आख्ख्या जिल्ह्यात कुणी नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळाभर वंशवृक्ष काढला. सगळ्यांत वर मूळ पुरुष, म्हणजे मण्यांची पाटी. त्याखाली भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा कापडाचा माग. मग घराण्याची थोरली पाती. "पहिली पिढी काचेच्या नळ्यांची," नाना गरजले. "देह अवाढव्य. एक संगणक म्हणजे एक मोठी खोली. भूक दांडगी, स्वभाव तापट! तापला की नळी गेलीच. दुसरी पिढी ट्रान्झिस्टरची, अंगानं सडपातळ, डोक्यानं थंड." पेडगावहून पॅसेंजरनं येणारा उत्तम उभा राहिला आणि म्हणाला, "सर, आमच्या घरी ट्रान्झिस्टर हाय. म्हंजे आमच्याकडं दुसरी पिढी हाय का?" नाना म्हणाले, "भाऊबंद आहे. वाटणी मागू नको." तिसऱ्या पिढीत सगळं कुटुंब एका नखाएवढ्या तुकड्यावर राहायला आलं. चौथी पिढी मोठ्या सरांच्या खोलीत खोक्यात होती. आणि पाचवी जपानात घडत होती, अजून जन्माला यायची होती. हे मी घरी सांगितलं तेव्हा आत्यानं भाकरी उलथता उलथता विचारलं, "कितवा म्हैना?"

आमच्या वर्गात सुनंदा नावाची मुलगी होती. बोलायची कमी, पण बोलली की नानांना खडू खाली ठेवावा लागे. ती एकदा म्हणाली, "सर, घरान्याच्या इतिहासात राबनाऱ्याची नावं नसत्यात. ह्यात तरी हायत का? त्या तापलेल्या नळ्या बदलायला कोन व्हतं?" नाना घरी आले, पुस्तिका पुन्हा चाळली, नावं सापडली नाहीत. मग दुसऱ्या दिवशी त्यांनी वंशवृक्षाच्या बुंध्याशी ठळक अक्षरात 'नळ्या बदलणारे' असं लिहिलं आणि त्याला दोन मार्कांचा प्रश्न लावून दिला. त्याच पुस्तिकेत त्यांना एका इंग्रज बाईची हकिगत मिळाली. तिनं म्हणे फार पूर्वी, यंत्र बनलेलंच नसताना, त्या यंत्रानं काय काय करावं हे ओळीनं लिहून ठेवलं होतं. ह्या बाईवर नानांचा फार जीव जडला. "यंत्र नाही, तरी अभ्यास पूर्ण!" ते आम्हाला बजावायचे. आमचीही गत तीच होती, तेव्हा आम्हालाही ती बाई घरचीच वाटू लागली.

पुस्तिकेच्या शेवटाला मात्र नाना अडले. तिथं लिहिलं होतं की अमेरिकेतल्या काही विद्यापीठांतले संगणक तारांनी एकमेकांना जोडलेत, आणि इथला संगणक तिथल्याशी बोलतो. काय बोलतो, कसा बोलतो, मुळात बोलायचं कारण काय, काहीच उलगडेना. तेव्हा आमच्या घरी आत्याच्या पुतणीची सोयरीक चालली होती. आत्या ओट्यावर बसून शेजारणीला सांगत होती, "घरानं लांबचं आसलं तरी चालतंय गं. पन आदी मधला मानूस पायजे. मग हिकडून रामराम, मग तिकडून रामराम, मग कामाचं बोलनं. मानपान चुकलं की बोलनं तुटलं." नाना आतून धावत बाहेर आले. "ताई, परत सांग," ते म्हणाले. आत्याला वाटलं, काहीतरी चुकलं. ती घाबरून म्हणाली, "मी कुटं काय म्हनले?"

झालं, घराणी मोठी झाली की पुढं काय करतात? सोयरिकी जोडतात! शाईनं बोटं भरलेल्या आमच्या वर्गाला संगणकांचं जाळं नानांनी असं एका तासात समजावलं. आज घरात सगळे जण इंटरनेट चालू की बंद यावरून दिवसभर ओरडत असतात. मला अजूनही तो शब्द ऐकला की आधी लग्नाचा मांडव दिसतो, आणि इंटरनेट बंद पडलं की कुणाचा तरी मानपान राहिला असणार असं वाटतं.

एवढं सगळं झालं तरी संगणक आम्ही पाहिला नव्हता. तो मोठ्या सरांच्या खोलीत कपाटात खोक्यातच होता. आधी विजेचा दाब सांभाळणारं यंत्र यायचं होतं, मग ते आलं तर त्याची पिन शाळेच्या भिंतीवरच्या प्लगमध्ये बसेना. खंडेनवमीला खोक्याला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं, आणि आम्ही रांगेनं बाहेरूनच नमस्कार केला. घरून पेढे आणणाऱ्या मुलालासुद्धा मोठ्या सरांनी खोकं उघडून दाखवलं नाही. "इम्तिहानात इतिहास विचारतात, सूरत नाही विचारत," ते म्हणाले.

मग विभागाच्या साहेबांचं पत्र आलं. ते स्वतः येऊन विषयाची तपासणी करणार होते. समाधान झालं तर विषय चालू, नाही तर यंत्र परत आणि तास रद्द. तास रद्द म्हणजे नाना पुन्हा अतिरिक्त, आणि चारठाण्याची जागा अजून रिकामीच होती. हे सगळ्या वर्गाला माहीत झालं. नाना कुणाला काही म्हणाले नव्हते, पण आत्या उत्तमला पेरू देताना म्हणाली होती, "लेकरा, तुमच्या सरांचं घर आता तुमच्या तोंडावर हाय." त्यानंतर उत्तम पॅसेंजरमध्ये पिढ्या पाठ करत यायचा. डब्यातल्या म्हाताऱ्यांना वाटे, कुणाच्या तरी सुतकाचा हिशेब चाललाय.

नानांनी आमच्याकडून निबंध लिहून घेतले, 'संगणकाच्या इतिहासावरून मला काय वाटते'. उत्तमनं लिहिलं, संगणक पहिल्या पिढीत खोलीएवढा होता आणि आता टेबलावर मावतो, माणसाचं उलट आहे. आमचे आजोबा एका खोलीत मावले, काकाला दोन पुरत नाहीत. सुनंदानं लिहिलं, त्या इंग्रज बाईनं यंत्र न पाहता सगळं बरोबर लिहिलं, पण तिला पास करायला तेव्हा कुणी बसलं होतं का? मी लिहिलं, संगणक हे विज्ञानाचे वरदान आहे. नानांनी माझ्या निबंधाखाली शेरा मारला, 'ही वाक्ये कुणाची?'

तपासणी दोनदा ठरली आणि दोनदा पुढं गेली. विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न तेव्हा धुमसत होता. आज एका बाजूचा मोर्चा, उद्या दुसऱ्या बाजूचा बंद, आणि बंद असला की औरंगाबादहून गाडी यायची नाही. आम्हाला बंद म्हणजे सुट्टी. सुनंदाचे वडील नामांतरासाठीच्या मोर्चांत असायचे, आणि बंदच्या दिवशी तिच्या वस्तीत दारं आतून लावलेली असायची. ती शाळेत याबद्दल कधी बोलली नाही. पुष्कळ वर्षांनी एका लग्नात भेटली तेव्हा जेवता जेवता सहज सांगून गेली, की बंद उठल्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेत यायला आई सोडत नसे, तरी ती नानांचा तास असला की यायचीच. माझ्या ताटातली जिलेबी तशीच राहिली.

शेवटी साहेब आले. पोरगेलेसे, भांग नीट पाडलेले, हातात चामडी बॅग. मोठ्या सरांनी नाष्ट्याची कामगिरी आमच्या घरावर टाकली होती. आत्यानं पातेलंभर सुशीला करून पाठवला, भिजवलेल्या चुरमुऱ्यांना कांदा, हिरवी मिरची आणि शेंगदाण्याच्या कुटाची फोडणी, वरून लिंबू. साहेबांनी दोनदा घेतला. मोठे सर नानांच्या कानात म्हणाले, "अर्धा इम्तिहान पास." मग साहेबांनी तोंड पुसलं आणि म्हणाले, "चला, मशीन चालू करून दाखवा."

खोकं उघडलं. आतून बटणांचा एक फळा निघाला, टीव्हीसारखा पडदा निघाला, आणि एक टेपरेकॉर्डर. त्या काळच्या ह्या संगणकाला धडा भरवायचा तो कॅसेटवरून. कॅसेट लावायची, ती किर्रकिर्र वाजायची, आणि मग पडद्यावर काहीतरी उमटायचं. हे सगळं साहेबांना प्रशिक्षणात शिकवलं होतं. त्यांनी स्वतः तारा जोडल्या, वीजही त्या दिवशी शहाण्यासारखी होती, पडद्यावर एक छोटी रेघ लुकलुकू लागली. आमच्या वर्गानं नकळत हात जोडले. साहेबांनी कॅसेट घातली, बटण दाबलं. किर्रकिर्र काही येईना. थोडी खरखर झाली आणि मग मोठ्या सरांचा आवाज आला, "माझ्या प्रिय विद्यार्थी मित्रांनो, आजच्या या मंगल दिनी..."

पंधरा ऑगस्टला मोठ्या सरांना स्वतःचं भाषण ऐकायची हौस आली होती. टेपरेकॉर्डर तेवढा त्यांनी खोक्यातून काढला होता. कॅसेट वाजवून पाहिली तर नुसती किर्रकिर्र, तेव्हा ती खराब आहे असं समजून त्यांनी तिच्यावर भाषण भरलं. साहेब दुसरी कॅसेट लावायला गेले, तर तिच्यावर भाषणाचा उत्तरार्ध होता. मोठे सर खाली बघत उभे राहिले, आणि पडद्यावरची रेघ तशीच लुकलुकत राहिली. साहेबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "मग वर्षभर शिकवलंत काय?" ते नानांना म्हणाले. नानांचा तो खणखणीत आवाज कुठं गेला कोण जाणे. ते नुसते आमच्याकडं बघायला लागले, आणि मला वाटलं, गेलं, चारठाणं आलं.

उत्तम उभा राहिला. कुणी सांगितलं नव्हतं. "सर, मूळ पुरुषापासून सांगू का?" तो म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता सुरू झाला. मण्यांची पाटी, माग, नळ्यांची पिढी, तिची भूक, तिचा ताप. सुनंदानं मध्येच उठून नळ्या बदलणारे सांगितले. मग इंग्रज बाई आली. साहेब आधी कपाळाला आठ्या घालून ऐकत होते, मग खुर्चीवर बसले. चौथ्या पिढीपाशी त्यांनी हात वर केला. "बरं, हे सगळं झालं. नेटवर्क म्हणजे काय, हे सांगेल कुणी?"

"सोयरीक, सर," उत्तम म्हणाला.

"काय?"

"संगनकांची सोयरीक. लांबच्या लांब घरानी, तारेनं जोडलेली. आदी मधला मानूस लागतो. मग हिकडून रामराम जातो, तिकडून रामराम येतो, तवा कुटं कामाचं बोलनं."

"आणि बोलणं मध्येच तुटलं तर?"

"परत रामराम घालायचा, सर. सोयरिकीत लाजून चालत न्हाई."

साहेब हसले, पण थट्टेचं नव्हे. ते उठले, नानांजवळ गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "आम्हाला हे प्रशिक्षणात तीन दिवस शिकवलं. मला आत्ता कळलं." नानांचा चेहरा असा फुलला, की आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मोठ्या सरांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या. त्या संध्याकाळी आमच्या घरी पुरणपोळी झाली. आत्यानं उत्तमच्या घरीसुद्धा चार पोळ्या बांधून दिल्या.

महिन्याभरानं शेरा आला. मोठ्या सरांनी तो सगळ्यांसमोर वाचायला घेतला. "विद्यार्थ्यांची तयारी अत्यंत समाधानकारक. हा विषय या शाळेत कायमस्वरूपी चालू ठेवावा." टाळ्या. मोठ्या सरांनी कागद नानांच्या हातात दिला, कारण त्यांच्या लेखी तो तिथंच संपला होता. नाना नेहमीप्रमाणे पुढं वाचत गेले. पुढं लिहिलं होतं, 'व त्यासाठी त्वरित विज्ञान शाखेचा पात्र शिक्षक नेमावा.'

इतकं चांगलं शिकवलं, की शिकवणाऱ्याची जागाच गेली. आम्हाला राग आला, आई तर साहेबांना दिलेला सुशीला आठवून आठवून चिडायची. नाना म्हणाले, "त्यांचं चूक नाही. दुसरं प्रकरण कधीतरी शिकवायला पाहिजेच होतं." नांदेडकडचे एक तरुण सर आले, बारीक, लाजाळू. आणि नाना एक ट्रंक, एक स्टो आणि आत्यानं भरून दिलेले चटण्यांचे डबे घेऊन चारठाण्याच्या एसटीत बसले. उत्तम त्यांना पोचवायला स्टँडवर आला होता. ट्रंक त्यानंच टपावर चढवली.

घर एकदम मुकं झालं. आमटी खारट झाली तरी कुणी काही बोलेना. नाना शनिवारी यायचे, पण पेपर तपासायचे असले की तेही नाही. अशा एका रविवारी आत्या आणि मी धपाटे आणि दह्याचं गाडगं घेऊन त्यांच्याकडं गेलो. मला वाटलं होतं, ते खंगलेले असतील. तर नाना आम्हाला खोलीवर टेकूसुद्धा देईनात, तसेच गावातल्या जुन्या देवळांकडं घेऊन गेले. जन्मभर पुस्तकातले खांब शिकवलेला माणूस खऱ्या खांबांमधून हिंडत होता, प्रत्येकाला हात लावत होता, आणि त्यांचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा दगडी छताला जाऊन आदळत होता. मला फार बरं वाटलं, आणि ते आमच्यावाचून असे आनंदात आहेत याचं थोडं वाईटही वाटलं. आम्ही सावलीत बसून धपाटे सोडले.

"नवे सर कसे आहेत?" नानांनी विचारलं.

"चांगले आहेत. यंत्राला हात लावू देतात. एकेकाला पाळीनं बसवतात. काल माझी पाळी होती."

नाना सरसावून बसले. एवढं शिकवूनही त्यांनी स्वतः त्या बटणांना कधी बोट लावलं नव्हतं. "मग? काय लिहिलंस?"

"सर म्हणाले, काहीही लिही आणि ते मोठं बटण दाब. मी तुमचं नाव लिहिलं. इंग्रजीत, दिगंबर."

"बरं. काय म्हणाला तो?"

"खाली अक्षरं आली, मिस्टेक."

नाना इतके हसले की त्यांच्या हातातला धपाट्याचा तुकडा पडला. "बघ ताई! पहिल्या भेटीत माणूस ओळखला की नाही?" आत्याला इंग्रजी कळत नव्हतं, म्हणून मी अर्थ सांगितला. तिनं कपाळाला आठ्या घातल्या. हसू ओसरल्यावर नाना डोळे पुसत म्हणाले, "मग तू काय केलंस?"

"परत लिहिलं."

"परत मिस्टेक?"

"हो. सर म्हणाले, अगं, त्याला माणसांची नावं कळत नसतात, दुसरं काहीतरी लिही. मी म्हटलं, मला दुसरं काही लिहायचं नाही. घंटा होईपर्यंत तेच लिहीत होते."

नाना माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी मान वळवली आणि समोरच्या खांबाकडं बघत बसले. आत्यानं दह्याचं गाडगं आमच्या दोघांच्या मध्ये सरकवलं.

"सोमवारी परत लिव्ह," ती म्हणाली.